पूर्ण एक मिनिट

नाडी मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं, आणि एक मिनिट म्हणजे किती लांबलचक प्रकरण असतं हे कुणाचं तरी मनगट धरून सेकंदकाट्याकडे टक लावून बसल्याशिवाय कळत नाही. इतरांना ते उगीच एवढंसं वाटतं. म्हणूनच की काय, त्या प्रशिक्षण शाळेतल्या चोवीस जणींपैकी तेवीस जणी ते कधीच पूर्ण मोजत नसत.

शाळा म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. खाली गॅरेज, दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज. पहिल्या मजल्यावर वर्ग आणि कचेरी. दुसऱ्या मजल्यावर सरावाची खोली. रुग्णसहायकाचा आठ महिन्यांचा कोर्स. सरावाच्या खोलीत सहा लोखंडी खाटा होत्या, ताणून घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या. रोज सकाळी आठ वाजता जोडीजोडीनं खाटेपाशी उभं राहायचं, खाटेवरच्या रुग्णाची नाडी, श्वास, ताप आणि बीपी घ्यायचं आणि पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहायचं. पाच खाटांवर आळीपाळीनं मुलीच रुग्ण होऊन झोपत आणि बहुतेक वेळा खरोखरच झोपी जात. चार नंबरच्या खाटेवर मात्र एक रबरी बाहुला होता, पुरुषभर उंचीचा, डोक्याला टक्कल, एक कान थोडा चेपलेला. त्याला सगळ्या ‘आजोबा’ म्हणत.

तक्त्यांवर काय लिहिलं जाई ते विचारूच नका. नाडी बहात्तर, श्वास अठरा. सोमवारी बहात्तर-अठरा, मंगळवारी बहात्तर-अठरा, फारच प्रामाणिकपणा अंगात आला तर चौऱ्याहत्तर. शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर यावर संतापून बोलत, पण तीस वर्षं बोलून बोलून त्या संतापातलाही जोर गेला होता.

पूर्ण मिनिट मोजणारी चोविसावी म्हणजे वहिनी. वय पस्तीस, बाकीच्या सगळ्या विशीच्या आतबाहेरच्या, म्हणून ती पहिल्याच दिवशी सगळ्यांची वहिनी झाली. तिची जोडीदारीण होती भिंगरी. एका जागी स्थिर उभी राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यावरून पडलेलं नाव.

“अहो वहिनी, सोडा आता तिचा हात,” भिंगरी कुजबुजायची. “लग्न लावताय का तिच्याशी?”

“गप गं. एकेचाळीस, बेचाळीस...”

“बहात्तर लिहा आणि चला. चहा गार होतोय.”

वहिनी हसायची, पण मोजणं सोडायची नाही. तिच्या या हट्टामागचं कारण तिनं भिंगरीलाच काय, घरी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे तीन महिने अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली होती: दिवसातून तीनदा नाडी आणि श्वास मोजून लिहायचे. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, तेव्हा वही वहिनीकडे आली. पहिला महिना तिनं अगदी मन लावून मोजलं. मग माणूस थकतंच हो; तिन्ही त्रिकाळ तेच ते, त्यात मुलीची शाळा, स्वयंपाक, धुणं. ती आदल्या दिवशीचे आकडे थोडे वरखाली करून लिहू लागली. एके दिवशी सकाळी सात वाजता, एका हातात पोळीचं लाटणं असताना, तिनं दारातूनच सासऱ्यांकडे एक नजर टाकली आणि वहीत लिहिलं: नाडी शहात्तर, श्वास अठरा. साडेसातला ती चहा घेऊन गेली तेव्हा त्यांचे हात थंडगार पडले होते, बोटं वळली होती. ते रात्रीच कधीतरी गेले होते.

डॉक्टर आले, त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, “म्हणजे सातपर्यंत व्यवस्थित होते. झोपेतच शांतपणे गेले.” सासूबाईंनी त्या वाक्यावर डोळे पुसले. आजही येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तेच वाक्य ऐकवतात, आणि वहिनी दर वेळी उठून आत जाते.

म्हणून ती या शाळेत आली होती. मोठ्या हॉस्पिटलात सहायकांच्या जागा भरायच्या होत्या, मोठ्या सिस्टरांनी तिचं नाव आधीच कळवून ठेवलं होतं. परीक्षा पास झाली की सोमवारपासून हजर. पण नोकरीपेक्षा तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. आपल्या बोटांनी सांगितलेला आकडा खरा असतो, असं स्वतःला एकदा तरी सांगता यावं, एवढंच.

सहाव्या महिन्यात तिच्या जोडीला चार नंबरची खाट आली. बाहुल्याचं बीपी घ्यायला दंडाला पट्टा गुंडाळण्याचा सराव असे, नाडीसाठी मनगटावर नुसती बोटं टेकवायची आणि सरावापुरता एखादा आकडा लिहायचा. वहिनीनं नेहमीप्रमाणे दोन बोटं टेकवली, घड्याळ पाहिलं आणि मोजलं. अडुसष्ट.

तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हल्ली काय वाट्टेल ती यंत्रं निघतात, आत काहीतरी बसवलेलं असणार, असं तिनं गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी सत्तर, तिसऱ्या दिवशी सहासष्ट. मोठ्या सिस्टरांनी तक्ता वर्गात उंच धरून दाखवला. “बघा, बाहुल्याचासुद्धा तक्ता कसा भरते ही! रोज वेगळा आकडा. खऱ्या माणसाचा असाच असतो. तुमचे बघा, बहात्तर, बहात्तर, बहात्तर. पेशंट आहे का घराचा नंबर?” सगळ्या खिदळल्या आणि वहिनी लाजून खाली बघू लागली.

पुढच्या आठवड्यात बाहुल्याचा उजवा हात कोपरापासून निखळला. सरावाच्या खोलीची देखभाल करणारे मामा खिडकीजवळच्या टेबलावर तो चिकटवत बसले होते. वहिनी सहज डोकावली. कोपराच्या तुटलेल्या तोंडातून आतला पिवळा पडलेला स्पंज दिसत होता.

“यंत्र कुठेय हो मामा?”

“कसलं यंत्र?”

“नाडीचं.”

मामा हसले. “पूर्वी एक रबरी फुगा होता, बाहेरून दाबला की मनगटात उडायचं. तो फुटला त्याला युगं लोटली. आता आत काय असणार वहिनी? गादी भरतात ना, तेच.”

ते फडकं आणायला बाहेर गेले. टेबलावर तो हात नुसता पडला होता, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली, डिंकाच्या बाटलीशेजारी. वहिनीनं इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली.

चौसष्ट.

घाबरून हात काढून पळून जाणाऱ्यातली ती नव्हती. तिनं स्वतःला दटावलं. नाडी पाहताना अंगठा वापरू नये, नाहीतर आपलीच नाडी आपल्याला लागते, हे पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेलं. अंगठा तर लांबच होता. तरी तिनं डाव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि उजव्या हाताची बाहुल्याच्या मनगटावर. गळ्याशी नुसती धडधड चालली होती, आणि मनगटातलं मात्र आपल्या संथ चालीनं येत होतं; दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मामांची पावलं वाजली तेव्हा ती बाजूला झाली.

त्या दिवसापासून खाट कुणाच्याही वाट्याला असो, वहिनी सकाळी पावणेआठलाच येऊन चार नंबरपाशी उभी राही. एका छोट्या वहीत ती आकडे लिहू लागली. साठ. अठ्ठावन्न. पुन्हा साठ. पंचावन्न. मग एक दिवस मध्येच एक ठोका गळाला, आणि त्यानंतर रोज एक-दोन गळू लागले. बोटांखालचा जोरही कमी होत चालला होता. आधी टेकवताच लागणारी नाडी आता चाचपून शोधावी लागे. असं उतरत जाणं तिनं वर्गात शिकलं होतं, आणि हेही शिकली होती की अशा वेळी काय करायचं. पन्नासच्या खाली गेली की सिस्टरला कळवायचं. चाळीसच्या खाली गेली की हातातलं सगळं टाकून हाक मारायची. आधी हाक, मग तक्ता. हे वाक्य मोठ्या सिस्टरांनी सगळ्या मुलींकडून शंभरदा म्हणून घेतलं होतं.

अठ्ठेचाळीस लागली त्या दिवशी तिनं भिंगरीला बोलावलं. “जरा बघ गं. तुला लागते का?”

भिंगरीनं टुणकन येऊन बाहुल्याचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि गंभीर चेहरा केला. “लागतेय की!” ती म्हणाली. “बहात्तर!” आणि पोट धरून हसत सुटली. वहिनीनंही हसल्यासारखं केलं. तिला रडू येत होतं, आणि कशाचं येतंय ते तिला सांगता आलं नसतं.

शेवटी ती मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. सिस्टरांनी चष्मा लावून सगळे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

“हे तू कुणाला दाखवलंस?”

“कुणालाच नाही सिस्टर.”

“मग दाखवू नकोस. घरी झोप नीट होते का?”

“सिस्टर, तुम्ही एकदा चला ना. एकच मिनिट. तुम्हाला नाही लागली तर मी पुन्हा नाव काढणार नाही.”

सिस्टरांनी वही मिटली. “परीक्षा दहा दिवसांवर आली आहे. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर असलं काही बोललीस, तर तुझ्या कागदावर मला सही करता येणार नाही. मन थाऱ्यावर नसलेल्या बाईच्या हातात मी आजारी माणसं देऊ शकत नाही. कळतंय ना?” आवाज कडक नव्हता, उलट त्यात माया होती. मग वही परत देताना त्या हळूच म्हणाल्या, “आणि मला वर बोलवू नकोस.”

जिना उतरताना वहिनीच्या मनात आलं की सिस्टरांनी एकदाही ‘असं होणंच शक्य नाही’ म्हटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सहा खाटांच्या सहा चिठ्ठ्या केल्या होत्या. वहिनीनं चिठ्ठी उघडली, चार नंबर निघाला आणि तिला आश्चर्यही वाटलं नाही. परीक्षक नीटनेटके, पिकल्या केसांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या मागे मोठ्या सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. वहिनीनं हात धुतले, रुग्णाला आपलं नाव सांगितलं, चादर नीट केली. सगळं क्रमवार, बिनचूक.

“आता नाडी,” परीक्षक म्हणाले.

तिनं बोटं टेकवली. आधी काहीच लागलं नाही आणि तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग लागली. खोलवर, अगदी बारीक. एक. मग एवढी लांब शांतता की खालच्या गॅरेजमधला हातोडा तीनदा वाजला. दोन. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. सव्वीस.

आधी हाक, मग तक्ता. हाक तिच्या घशापर्यंत आली होती. तिनं मान वर केली तर मोठ्या सिस्टर तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांची मान अगदी किंचित, नाही म्हणावं तशी हलली. वहिनीच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं: हॉस्पिटलातली जागा, घरी गणवेशाला इस्त्री करून वाट बघणाऱ्या सासूबाई, “माझी आई हॉस्पिटलात जाणार” असं शाळाभर सांगून आलेली आठ वर्षांची छकुली. आणि समोर काय, तर रबर आणि गादीचा स्पंज! यासाठी कुणी हाक मारतं का?

“किती आहे?” परीक्षकांनी विचारलं.

“बहात्तर, सर.”

“छान. लिहा.”

उजव्या हातानं ती लिहू लागली. डाव्या हाताची बोटं अजून त्या मनगटावरच होती, ती काढायची तिला आठवण राहिली नाही. आकडा लिहून झाला, तारीख घातली, सही केली. तेवढ्या वेळात बोटांखाली काहीही आलं नाही. तिनं आणखी थोडं थांबून पाहिलं. परीक्षकांनी हसून तिच्या कागदावर बरोबरची खूण केली आणि ते पाच नंबरकडे वळले.

निकाल दुपारीच लागला. सगळ्या पास. भिंगरीनं तिला कडकडून मिठी मारली, दोन्ही हात धरून गरागरा फिरवलं. हातात हात होतेच, म्हणून सवयीनं वहिनीची दोन बोटं भिंगरीच्या मनगटावर गेली. तिथं काही नव्हतं. भिंगरी हसत होती, घामेजली होती, तिचे गाल लाल झाले होते, आणि मनगट मात्र तक्त्याच्या पुठ्ठ्यासारखं मुकं होतं. वहिनीनं बोटं सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली.

“काय हो, सुट्टी झाली की आता. अजून मोजताय?”

“नाही गं,” वहिनी म्हणाली. “असंच.”

निरोप घेण्याच्या निमित्तानं तिनं आणखी आठ-दहा जणींचे हात हातात घेतले. मामांचा घेतला. घरी गेल्यावर सासूबाईंच्या पाया पडली आणि त्यांनी आशीर्वादाला पुढे केलेला हात धरून ठेवला. कुठेच काही नाही. स्वतःच्या मनगटात मात्र टपटप, स्पष्ट, चांगली नव्वदच्या घरात. बोटं बधिर झाली म्हणावीत, तर चादरीचा प्रत्येक धागा त्यांना कळत होता. ताण गेला की येईल परत, तिनं स्वतःची समजूत घातली. सोमवारपर्यंत चार दिवस होते हातात. त्या दिवसांत तिनं छकुलीची वेणी घातली, तिला न्हाऊ घातलं, कुशीत घेतलं, पण तिच्या मनगटाकडे हात जाऊ दिला नाही. आईला आपल्या पोरीच्या हाताची भीती वाटावी, यासारखं लाजिरवाणं काय असेल? पण वाटत होती, खरंच वाटत होती.

शनिवारी सकाळी छकुली तापानं फणफणली. कपाळाला हात लावून ताप कळत होता, म्हणजे बोटं ठीक होती. वहिनी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर यायचे होते. तपासायच्या खोलीत एक मध्यमवयीन सहायिका होती, गोल चेहऱ्याची, हातावर उलटं घड्याळ बांधलेली, वर्षानुवर्षं हेच काम करून हात बसलेली बाई. तिनं छकुलीला उचलून टेबलावर बसवलं, थर्मामीटर लावलं, गालाला चिमटा काढला.

“नाव काय गं तुझं? कितवीत आहेस?”

छकुलीची टकळी सुरू झाली. शाळा, बाई, मैत्रीण, मैत्रिणीची मांजर. तापातही तिचं तोंड काही मिटत नव्हतं. बोलता बोलता ती पाय हलवत होती. सहायिकेनं हसत तिचा हात आपल्या हातात घेतला, दोन बोटं टेकवली आणि घड्याळ सरळ केलं.

वहिनी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. मग बोटं जराशी सरकली. मग आणखी थोडी. घड्याळाचा काटा फिरून वर आला, पण बाईनं मोजायला सुरुवातच केली नव्हती. तिनं छकुलीचा तो हात ठेवून दुसरा घेतला.

“आणि त्या मांजरीला तीन पिल्लं झाली, मावशी, एक काळं...”

“हो का?” सहायिका म्हणाली. ती आता हसत नव्हती. तिनं मान वर करून वहिनीकडे पाहिलं. दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिला काय विचारायचं आहे ते वहिनीला कळलं, आणि वहिनीला कळलं आहे हे तिलाही.

एक हाक मारली असती तर शेजारच्या खोलीतून कुणीतरी आलं असतं. वहिनीला हाक नको होती. तिला आकडा हवा होता, कुठलाही, कागदावर लिहिलेला, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातला.

“एकशे दहा,” सहायिका बारीक आवाजात म्हणाली. “ताप आहे म्हटल्यावर तेवढी असणारच.”

तिनं छकुलीचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला, केसपेपर पुढे ओढला आणि खिसे चाचपू लागली. वहिनीनं पर्स उघडली आणि आपलं पेन तिच्या हातात दिलं.